कन्सोल खेळांचे संगणकीय रूपांतर : कार्यक्षमतेचा प्रश्न
कन्सोल हे ठरावीक रचनेचे यंत्र असल्याने खेळाची आज्ञावली त्या रचनेस अनुसरूनच लिहिली जाते. उदाहरणार्थ, प्लेस्टेशन ४ मध्ये प्रोसेसर व ग्राफिक्स विभाग ८ जीबीची सामाईक मेमरी वापरतात. खेळांसाठीच्या वैयक्तिक संगणकात मात्र ग्राफिक्स कार्डाची मेमरी बहुधा स्वतंत्र असते. दोहोंतील माहितीची ने-आण वेळेत न झाल्यास दृश्य अडखळते. शिवाय प्रत्येक संगणकाची घडण निराळी असते. ‘बॅटमॅन : अर्कम नाइट’ची संगणकीय आवृत्ती जून २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली, परंतु कार्यक्षमतेविषयीच्या तक्रारींमुळे काही दिवसांतच तिची विक्री थांबवावी लागली. ती ऑक्टोबरमध्ये पुन्हा सुरू झाली. तात्पर्य, रूपांतर ही नक्कल नसून पुनर्रचना होय; तीत केलेल्या घाईची किंमत अखेरीस ग्राहकालाच मोजावी लागते.