ग्राफिक्स कार्डाचा फॅक्टरी ओव्हरक्लॉक कसा काढायचा, आणि गिऱ्हाइकाला नवा पार्ट विकण्याआधी हे का बघायचं

आजचा विषय थोडा टेक्निकल आहे, पण ज्यांना गावात कॉम्प्युटर रिपेअरिंग, व्हिडिओ एडिटिंग, फ्लेक्स डिझायनिंग किंवा गेमिंग झोन टाकायचा आहे, त्यांनी शेवटपर्यंत वाचा. पैसे घालवणारी एक चूक मी केलीय, ती तुम्ही करू नये म्हणून लिहितोय.

दोन उन्हाळ्यांपूर्वीची गोष्ट. ऐन लग्नसराई. लासलगावकडचा एक फोटोग्राफर दुकानात मशीन घेऊन आला. "दादा, व्हिडिओ एक्सपोर्टला लावला की सत्तर टक्क्यांवर स्क्रीन काळी होते, परत येते, आणि सॉफ्टवेअर बंद पडतं. परवा पार्टीला पेन ड्राइव्ह द्यायचाय." मी मशीन उघडलं, धूळ काढली, आणि अंदाज बांधला की एसएमपीएस कमजोर आहे. आपल्याकडे व्होल्टेज खालीवर होतंच. ४,२०० रुपयांचा नवा एसएमपीएस बसवला, अर्धा तास चालवून बघितलं, पैसे घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता त्याचा फोन. तोच प्रॉब्लेम.

एसएमपीएसमध्ये काही दोषच नव्हता. कार्ड कारखान्यातूनच जास्त वेगावर सेट होऊन आलं होतं आणि आपल्या उन्हाळ्यात तो वेग त्याला झेपत नव्हता. वेग थोडा उतरवला, रात्रभर एक्सपोर्ट चालला, पेन ड्राइव्ह वेळेवर गेला. मी एसएमपीएस परत काढून घेतला आणि पैसे परत केले. कार्डाच्या कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण हे कुठल्याही कंपनीच्या एखाद्या कार्डावर होऊ शकतं.

फॅक्टरी ओव्हरक्लॉक म्हणजे काय?

ग्राफिक्स कार्डाची चिप बनवणाऱ्या मुख्य कंपन्या म्हणजे एनव्हिडिया आणि एएमडी. त्या प्रत्येक चिपचा एक मूळ वेग जाहीर करतात. पण आपण दुकानात जे कार्ड विकतो, ते बऱ्याचदा दुसऱ्याच कंपनीने बनवलेलं असतं. ती कंपनी त्याच चिपवर स्वतःचे पंखे आणि हीटसिंक लावते आणि काही मॉडेलचा वेग मूळ वेगापेक्षा थोडा वाढवून देते. बॉक्सवर 'ओसी' लिहिलेलं असतं ते हेच.

उदाहरण घ्या. आरटीएक्स ३०६० या चिपचा एनव्हिडियाने दिलेला बूस्ट क्लॉक १७७७ मेगाहर्ट्झ आहे. याच चिपची काही ओसी मॉडेल १८३७ मेगाहर्ट्झवर येतात. फरक ६० मेगाहर्ट्झचा, म्हणजे साधारण साडेतीन टक्के.

आता हे समजून घ्या. चिप चालताना प्रत्येक वेगासाठी ठरावीक व्होल्टेज लागतं, आणि त्याचा एक तक्ता कार्डात भरलेला असतो. फॅक्टरी ओव्हरक्लॉक म्हणजे तेवढ्याच व्होल्टेजवर थोडा जास्त वेग मागायचा. चिप चांगली निघाली तर ती आरामात देते. पण सगळ्या चिप सारख्या निघत नाहीत. त्यात तापमान वाढलं, कार्ड जुनं झालं, थर्मल पेस्ट सुकली, की तोच वेग धरायला चिपला जास्त व्होल्टेज लागायला लागतं. मग ती चुकते.

आपल्या भाषेत सांगायचं तर पिकअपमध्ये क्षमतेपेक्षा दोन गोण्या कांदा जास्त भरलाय. सपाट रस्त्यावर गाडी पळते, कुणाला कळतही नाही. चढ आला की दम तोडते. दोन गोण्या उतरवल्या की तीच गाडी तोच चढ चढते. आपल्याला तेच करायचंय.

आधी निदान, मग हात लावायचा

माझी चूक इथेच झाली होती. तुम्ही हा क्रम पाळा.

१. विंडोजची नोंद बघा. इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्जमध्ये सिस्टिम. तिथे 'डिस्प्ले' नावाने ४१०१ नंबरची नोंद दिसली, तर अर्थ असा की ग्राफिक्स ड्रायव्हरने उत्तर देणं थांबवलं आणि विंडोजने तो पुन्हा चालू केला. विंडोज साधारण २ सेकंद वाट बघतं आणि मग हे करतं. स्क्रीन काळी होऊन परत येते ती यामुळेच. याउलट 'कर्नल-पॉवर' ४१ ही नोंद असेल, तर मशीन नीट शटडाउन न होता बंद पडलं किंवा रीस्टार्ट झालं. तेव्हा वीज, यूपीएस आणि एसएमपीएसवर आधी संशय घ्या. माझ्या गिऱ्हाइकाचं मशीन एकदाही बंद पडलं नव्हतं. ही नोंद मी दोन मिनिटं काढून बघितली असती, तर एसएमपीएस विकलाच नसता.

२. तापमान बघा. जीपीयू-झेड किंवा एचडब्ल्यूइन्फो टाका आणि गिऱ्हाइकाचं खरं काम चालू असताना आकडा बघा. आरटीएक्स ३०६० साठी एनव्हिडियाने कमाल ९३ अंश सांगितलंय, पण म्हणून ८८ वर निवांत बसू नका. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पत्र्याच्या गाळ्यात खोलीच चाळीसला टेकते. मार्केटच्या आसपास दुकान असेल तर कांद्याच्या टरफलाची धूळ पंख्यात बसतेच. ब्लोअर मारा, पंखे फिरतात का बघा.

३. केबल आणि ड्रायव्हर. कार्डाची पॉवर केबल पूर्ण बसलीय का? स्वस्तातला जोड लावलाय का? ड्रायव्हर पूर्ण काढून नव्याने टाका.

४. दुसऱ्या कुणी वेग वाढवलाय का? रॅमचा एक्सएमपी, प्रोसेसरचा ओव्हरक्लॉक, आधीच्या मेकॅनिकने किंवा गिऱ्हाइकाच्या पोराने केलेली सेटिंग, हे सगळं मूळ जागी आणा.

हा चौथा मुद्दा हलक्यात घेऊ नका. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरवर गेम बंद पडायचे आणि स्क्रीनवर 'व्हिडिओ मेमरी संपली' असा मेसेज यायचा. लोक ग्राफिक्स कार्डाला दोष देत होते. गडबड निघाली प्रोसेसरमध्ये. २०२४ मध्ये इंटेलने त्यासाठी बायोस अपडेट दिले आणि त्या प्रोसेसरची वॉरंटी २ वर्षांनी वाढवली. मेसेजमध्ये ज्याचं नाव येतं, दोष त्याचाच असतो असं नाही.

आता वेग उतरवू

पहिली पद्धत, फक्त तपासणीसाठी. एनव्हिडिया कंट्रोल पॅनल उघडा. वर 'हेल्प' मेनूत 'डीबग मोड' आहे. त्यावर टिक केली की फॅक्टरी ओव्हरक्लॉक असलेलं कार्ड एनव्हिडियाच्या मूळ वेगावर येतं. काहीही डाउनलोड करायचं नाही. ही ओळ फिकट असेल आणि टिक होत नसेल, तर पुढची पद्धत वापरा. मशीन रीस्टार्ट केल्यावर टिक आहे का, ते पुन्हा बघायचं.

दुसरी पद्धत, रोजच्या वापरासाठी. एमएसआय आफ्टरबर्नर हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि दुसऱ्या कंपन्यांच्या कार्डांवरही चालतं. डाउनलोड एमएसआयच्या साइटवरूनच करा, कारण या नावाच्या खोट्या साइट आहेत.

- जीपीयू-झेडमध्ये 'डीफॉल्ट क्लॉक'समोरचा बूस्ट आकडा लिहून घ्या. समजा १८३७.
- एनव्हिडियाच्या साइटवर त्या चिपचा मूळ बूस्ट आकडा बघा. समजा १७७७.
- वजाबाकी करा: ६०.
- आफ्टरबर्नरमध्ये 'कोअर क्लॉक'समोर उणे ६० टाका आणि बरोबरची खूण दाबा.
- प्रोफाइल १ मध्ये सेव्ह करा आणि विंडोज सुरू होताना सेटिंग आपोआप लागेल तो पर्याय चालू करा. हे विसरलात तर रीस्टार्टनंतर कार्ड परत जुन्या वेगावर, आणि गिऱ्हाईक परत तुमच्या दारात.

एक गोष्ट घाबरवू शकते. काम चालू असताना कार्डाचा वेग १७७७ च्याही वर, अगदी १८५० किंवा १९०० दिसेल. बिघडलं असं समजू नका. तापमान आणि वीज यात जागा असेल तर एनव्हिडियाचं कार्ड जाहीर आकड्याच्या वर जातंच. आपण सगळा तक्ता ६० ने खाली सरकवलाय, म्हणून आधी त्याच कामात जेवढा वेग दिसत होता त्यापेक्षा साधारण तेवढा कमी दिसला की झालं.

एएमडीचं कार्ड असेल तर अॅड्रेनालिन सॉफ्टवेअरमध्ये 'परफॉर्मन्स' आणि त्यात 'ट्यूनिंग' उघडा. 'कस्टम' निवडून कमाल फ्रिक्वेन्सी खाली आणा. काही कार्डांवर बाजूला छोटा स्विच असतो, एकीकडे परफॉर्मन्स आणि दुसरीकडे सायलेंट. मशीन पूर्ण बंद करून तो सायलेंटवर टाकून बघा. पण कार्डाचा बायोस फ्लॅश करायच्या भानगडीत पडू नका. मध्येच लाइट गेली तर कार्ड बंद पडू शकतं, आणि वॉरंटीचा वाद तुमच्या गळ्यात.

स्पीड कमी होईल, त्याचं काय?

गिऱ्हाईक हा प्रश्न विचारणारच. हिशोब करून दाखवा. २० मिनिटांचा एक्सपोर्ट पूर्णपणे कार्डाच्या वेगावर अवलंबून आहे असं धरलं, तरी साडेतीन टक्क्यांच्या फरकाने तो साधारण ४० सेकंद लांबेल. आणि सत्तर टक्क्यांवर बंद पडला तर १४ मिनिटं वाया जातात, वर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

मूळ वेगावरही बंद पडलं तर?

हा निर्णयाचा मुद्दा आहे. मूळ वेगावर कार्ड व्यवस्थित चाललं, तर गडबड त्या वाढीव वेगात होती. मूळ वेगावरही अडलं, तर आणखी उणे शंभर, उणे दोनशे करत बसू नका. कार्डात किंवा दुसऱ्या पार्टमध्ये खरा बिघाड आहे. दुसऱ्या मशीनमध्ये लावून खात्री करा आणि वॉरंटीत पाठवा.

आणि कार्ड वॉरंटीत असेल, तर पहिल्या परिस्थितीतही गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगा: "बॉक्सवर लिहिलेला वेग मिळणं हा तुमचा हक्क आहे, क्लेम करता येईल." सीझनमध्ये त्याला कार्डाशिवाय राहणं परवडणार नाही, म्हणून वेग उतरवून काम चालू ठेवायचं आणि सीझन संपल्यावर क्लेम टाकायचा. फक्त वॉरंटीची शेवटची तारीख जॉबकार्डवर मोठ्या अक्षरात लिहा. आमचा फोटोग्राफर जूनमध्ये कार्ड घेऊन आला, ते बदलून मिळालं.

धंद्याचे चार नियम

१. तपासणीची फी वेगळी ठेवा आणि आधी सांगा. फी नसली की आपला हात नकळत पार्ट विकण्याकडे जातो. माझं तसंच झालं होतं.

२. जॉबकार्डवर आधीचा वेग, नंतरचा वेग, तापमान आणि तारीख लिहा, एक प्रत गिऱ्हाइकाला द्या. उद्या त्याने विंडोज नवीन टाकलं की सेटिंग जाणार. कागद असला तर तो भांडायला नाही, विचारायला येईल.

३. जुनं कार्ड विकताना वेग उतरवलेला असेल तर तोंडाने सांगा आणि बिलावरही लिहा. लपवून विकलं तर पहिल्याच फॉरमॅटला उघडं पडतं. विंचूरसारख्या गावात बातमी चौफुलीवर पोहोचायला संध्याकाळ लागत नाही.

४. कामासाठी कार्ड घेणाऱ्याला 'ओसी' शब्दासाठी जास्तीचे पैसे घालायला लावू नका. तेच पैसे चांगल्या एसएमपीएसमध्ये, कॅबिनेटच्या पंख्यात किंवा यूपीएसमध्ये घालायला सांगा.

ते ४,२०० रुपये परत करताना हाताला जड गेलं, खोटं कशाला बोलू. पण त्याच फोटोग्राफरने नंतर त्याच्या ओळखीतले तीन एडिटर माझ्याकडे पाठवले.

आता एक काम करा. तुमच्या स्वतःच्या किंवा मित्राच्या मशीनवर इव्हेंट व्ह्यूअर उघडा, ४१०१ शोधा, आणि जीपीयू-झेडमधला बूस्ट आकडा मूळ आकड्याशी ताडून बघा. गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना पहिल्यांदा शिकू नका.