विहिरीच्या पाण्याचा दुसरा ताळेबंद
जालना जिल्ह्यात पाणलोट म्हटले की कडवंचीचे नाव हमखास निघते. 1990 च्या दशकात इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून, खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या मार्गदर्शनाखाली तिथे बांधबंदिस्ती झाली, ओघळी अडल्या. पुढे शेततळी आणि द्राक्षबागा आल्या. अशा कामाचे यश आपण विहिरीचे पाणी किती फूट वर आले यावरून ठरवतो, आणि दुष्काळी मुलखात ते रास्तच आहे. पण रानात मुरणारे पाणी पिकाने न उचललेले खतही सोबत घेऊन जाते. म्हणून जिथे पाणी अडवले, तिथे त्याची प्रतही पाणलोटाच्या हिशेबाने आणि हंगाम पाहून तपासली पाहिजे.

नायट्रेट त्यात सर्वांत महत्त्वाचे. फ्लोराइड बहुतेक ठिकाणी खडकातून येते; आपल्या बेसाल्टमध्ये नायट्रेट जवळपास नसतेच. ते वरून येते: युरियातून, उकिरड्यातून, शौचालयाच्या खड्ड्यातून. पिण्याच्या पाण्यात भारतीय मानकाची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. युरियाच्या 45 किलोच्या गोणीत सुमारे 21 किलो नत्र असते. त्यातला फक्त दहावा हिस्सा वाया जाऊन नायट्रेटच्या रूपात खाली उतरला, तर सुमारे नऊ किलो नायट्रेट होते. दोन लाख लिटर शुद्ध पाणी मर्यादेपर्यंत नेण्यास ते पुरेसे आहे. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत सात मीटर पाणी असेल, तर ते साधारण तेवढेच भरते. अर्थात विहिरीत झरे येत-जात असतात आणि बरेच नत्र मातीतच अडते किंवा हवेत उडते, पण एका गोणीचा एवढा आवाका आहे हे लक्षात ठेवावे. केंद्रीय भूजल मंडळाच्या 2024 च्या अहवालात महाराष्ट्रातील एक तृतीयांशाहून अधिक नमुने मर्यादेबाहेर आढळले. सर्वाधिक बाधित जिल्ह्यांत जालन्याचे शेजारी बुलढाणा आणि बीडही आहेत. हे पाणी उकळून उपयोग नाही, उलट नायट्रेट दाट होते; टीसीएल पावडरनेही ते जात नाही. तान्ह्या बाळाच्या दुधात असे पाणी गेले, तर रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटते.

तपासणी होतच नाही असे नाही. जलजीवन मिशनमध्ये गावातील पाच महिलांना तपासणी संच वापरायला शिकवण्याची तरतूद आहे, आणि स्रोताची रासायनिक तपासणी वर्षातून एकदा व्हावी असा दंडक आहे. अडचण त्या 'एकदा' मध्ये आहे. कपाशीला वरखत पडते ते जुलै-ऑगस्टमध्ये, भर पावसात. मुरमातून आणि भेगाळ खडकातून पाणी लवकर झिरपते. मे महिन्यात घेतलेला नमुना आणि ऑक्टोबरमधला नमुना एकच गोष्ट सांगणार नाहीत. म्हणून पेरणीपूर्वी, वरखतानंतर आणि पावसाळा सरताना असे तीनदा, आणि फक्त नळयोजनेच्या विहिरीवर नव्हे, तर पाणलोटाच्या माथ्यावर, मध्यावर आणि ओढ्याच्या तोंडाशीही पाणी पाहावे. कीटकनाशकांचे अंश तपासायला मात्र असा संच पुरत नाही, प्रयोगशाळाच हवी.

यावर पहिला आक्षेप असा, की याने दोष शेतकऱ्याच्या माथी मारला जाईल. माझ्या मते तपासणी नसली की तो अधिक सहज मारला जातो. गावठाणाच्या वरच्या अंगाला, वस्तीपासून दूर असलेल्या रानातल्या विहिरीत नायट्रेट वाढले तर कारण बहुधा शेतात आहे; ती विहीर चांगली आणि गावातली खराब असेल, तर शोषखड्डे आणि उकिरडे आधी पाहावे लागतील. दुसरा आक्षेप खर्चाचा. संचातल्या चाचण्या ढोबळ असतात हे खरे, पण कोणता नमुना प्रयोगशाळेत न्यायचा हे ठरवायला त्या पुरतात. उशीर महाग पडतो: अमेरिकेतील आयोवा राज्यात डि मॉइन शहराला शेतांतून नदीत येणारे नायट्रेट काढण्यासाठी खास संयंत्र चालवावे लागते. तिथल्या पाणीपुरवठा संस्थेने 2015 मध्ये वरच्या भागातील, शेतांतल्या पाण्याचा निचरा पाहणाऱ्या मंडळांवर दावा लावला, तो 2017 मध्ये फेटाळला गेला, आणि खर्च शहराकडेच राहिला. जालन्यातील ग्रामपंचायतींना असे संयंत्र पेलणार नाही. त्यांच्या आवाक्यात आहे ते युरिया एकदम न टाकता हप्त्याने देणे आणि माती परीक्षणानुसार मात्रा कमी करणे. अटल भूजल योजनेत जालना जिल्ह्याचा समावेश झाला आणि तिच्यात गावाने पाण्याचा ताळेबंद मांडणे अपेक्षित होते. त्या ताळेबंदासोबत प्रत्येक विहिरीचा नायट्रेटचा आकडाही गावातल्या फलकावर लिहिला, तर पुढच्या खरिपात खत किती आणि कधी टाकायचे, हे ग्रामसभेला तो पाहून ठरवता येईल.