पाट्या वाचत आयर्लंड

मोटारसायकलवरून एकट्याने फिरायला आयर्लंड सोयीचा देश आहे. गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात. देश लहान आहे, त्यामुळे पूर्वेच्या डब्लिनहून निघून पश्चिमेचा अटलांटिक किनारा एका दिवसात गाठता येतो. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो. पश्चिम किनाऱ्याने उत्तर-दक्षिण जाणारा सुमारे 2,500 किलोमीटरचा 'वाइल्ड अटलांटिक वे' हा मार्ग 2014 पासून आखून दिलेला आहे. नागमोडी लाटेसारखी त्याची खूण दिसली की आपण बरोबर चाललोय, एवढं समजायचं.

पण या लेखात निसर्गाचं वर्णन थोडंच आहे. एकटा मोटारसायकलस्वार दिवसभर सर्वांत जास्त काय वाचत असेल, तर रस्त्याच्या पाट्या. मागे बसून नकाशा सांगणारं कुणी नसतं. आणि आयर्लंडच्या पाट्या वाचता आल्या, तर त्या देशाच्या भाषेचं काय झालं, हे बरंचसं कळतं. साहित्य मंडळाच्या वाचकांना यात रस वाटावा, म्हणून हा खटाटोप.

पाटी कशी वाचायची?

आयर्लंडच्या प्रजासत्ताकात गावाच्या पाटीवर दोन नावं असतात. वरचं आयरिश भाषेतलं, तिरप्या अक्षरांत. खालचं इंग्रजी, मोठ्या उभ्या अक्षरांत. पण खालचं नाव बहुतेक वेळा वरच्याचं भाषांतर नसतं. इंग्रजी कानाला जे ऐकू आलं, ते इंग्रजी लिपीत बसवलेलं असतं. 'बॅली'ने सुरू होणारी असंख्य गावं भेटतात. मूळ आयरिश शब्द 'बाल्ये', म्हणजे गाव किंवा वाडी. 'किल' म्हणजे बहुधा 'चर्च', कधी कधी 'रान'. 'नॉक' म्हणजे टेकडी, 'डन' म्हणजे कोट, 'इनिश' म्हणजे बेट. एवढे पाच शब्द पाठ केले तरी निम्मा नकाशा बोलायला लागतो.

काही शब्द तर आपल्या घरचेच निघतात. 'किल्डेअर' म्हणजे 'किल दारा', ओक वृक्षाजवळचं चर्च. यातला 'दारा' आणि आपल्या 'देवदार'मधला 'दारु' हे एकाच इंडो-युरोपीय मुळाचे. रस्त्याला आयरिशमध्ये 'बोहर' म्हणतात. तो शब्द 'बो' म्हणजे गाय यावरून आला. हा 'बो' आणि आपला 'गो' भाऊ-भाऊच. अरुंद गाडरस्त्याला म्हणतात 'बोहरीन'. अशा रस्त्याच्या मधोमध गवत उगवलेलं असतं, दोन्ही बाजूंना दगडी बांध असतात आणि वळणापलीकडे मेंढ्या उभ्या असतात. 2025 पासून अशा ग्रामीण स्थानिक रस्त्यांवर वेगमर्यादा ताशी 80 वरून 60 किलोमीटर केली आहे. मोटारसायकलवाल्याला खरं तर 60 पण जास्तच वाटते. समोरून येणारा गाडीवाला स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून रामराम करतो. आपण मान हलवायची, हात हँडलवरून काढायचा नाही.

डिंगलचं भांडण

नैऋत्येला केरी परगण्यात डिंगल नावाचं द्वीपकल्प आहे. उत्तरेकडून इथे यायला कॉनर खिंड ओलांडावी लागते. रस्ता काही ठिकाणी एकाच गाडीपुरता, एका बाजूला कातळ आणि दुसऱ्या बाजूला दरी. मोठ्या बस-ट्रकना बंदी आहे. द्वीपकल्पाच्या पश्चिम भागात शिरलं, की पाट्यांवरचं इंग्रजी गायब होतं. 'यील्ड'च्या जागी 'गेल श्ली' लिहिलेलं दिसतं. याचा अर्थ आपण 'गेलतख्त'मध्ये, म्हणजे आयरिश बोलली जाते अशा अधिकृत भागात आलो.

2005 मध्ये सरकारने ठरवलं, की गेलतख्तमधल्या गावांची फक्त आयरिश नावंच अधिकृत राहतील. डिंगल गाव झालं 'अन डँगन'. आता गंमत बघा, भाषेवर प्रेम करणाऱ्यांच्याच गावात लोक चिडले. पर्यटकांना डिंगल सापडणार कसं, हा एक प्रश्न. शिवाय डँगन नावाचं दुसरं गाव देशाच्या मध्यभागी आहे, त्याचं काय? काहींनी पाट्यांवर हाताने 'डिंगल' रंगवलं. 2006 मध्ये गावात मतदान झालं आणि मोठ्या बहुमताने लोकांनी दोन्ही नावं मागितली. शेवटी 2011 मध्ये कायदा बदलला. आता 'डिंगल' आणि 'डँगन ई खूश' ही दोन्ही नावं अधिकृत आहेत.

बेळगाव, बेलगाम, बेळगावी किंवा बडोदा, बरोडा, वडोदरा ऐकत वाढलेल्या वाचकाला या भांडणाचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको. मात्र एक फरक ध्यानात घेऊ. आपल्याकडे 'बेळगाव'मधलं 'गाव' अजून कानाला कळतं. 'बडोदा'तला वड शोधला तर सापडतो. आयर्लंडमध्ये कित्येक गावांत राहणाऱ्यांनाच आपल्या गावाच्या इंग्रजी नावाचा अर्थ लागत नाही, कारण ज्या भाषेत तो अर्थ होता, ती घरात उरली नाही.

ही नावं आली कुठून?

1824 पासून ब्रिटिश सरकारने आयर्लंडची तपशीलवार मोजणी सुरू केली. नकाशावर प्रत्येक वाडी, ओढा, टेकडी यायला हवी होती आणि प्रत्येकाचं इंग्रजी लेखन ठरवायचं होतं. जॉन ओडोनोव्हन या विद्वानाने गावोगाव फिरून मूळ नावं गोळा केली. त्याच्या टिपणांमुळेच आज अनेक अर्थ टिकले आहेत. म्हणजे ज्या कामाने नावं मोडली, त्याच कामाने ती नोंदवूनही ठेवली.

याच विषयावर ब्रायन फ्रील यांचं 'ट्रान्सलेशन्स' हे नाटक आहे. 1980 मध्ये ते डेरी शहरात पहिल्यांदा झालं. 1833 मधल्या एका खेड्यातली शाळा, मोजणीला आलेले सैनिक आणि त्यांच्यासोबत दुभाषा म्हणून आलेला गावचाच मुलगा. गावातली माणसं आयरिश बोलतात, सैनिक इंग्रजी, आणि प्रेक्षकाला दोन्ही इंग्रजीतच ऐकू येतं. तरी कोण कुणाला कळत नाही, हे बरोबर समजतं. सीमाभागातल्या कुठल्याही नाट्यमंडळाने वाचावं असं हे नाटक आहे.

डूलॉकचा रस्ता

डिंगलहून उत्तरेला निघून टार्बर्टला मोटारसायकलसकट बोटीत चढायचं, शॅनन नदी ओलांडायची, 214 मीटर उंचीचे मोहरचे कडे बघायचे आणि गॉलवे मागे टाकून मेयो परगण्यात पोचायचं. तिथे लीनान ते लुइसबर्ग हा डूलॉक खोऱ्यातला रस्ता आहे. एका बाजूला सरोवर, दोन्हीकडे उघडे डोंगर, घर जवळजवळ नाही. मोटारसायकलस्वारांच्या आवडीच्या रस्त्यांपैकी हा एक.

1845 पासून काही वर्षं बटाट्याचं पीक रोगाने सडत गेलं. सुमारे दहा लाख माणसं मेली, तेवढीच देश सोडून गेली. 1849 च्या मार्चअखेरीस लुइसबर्गला शेकडो भुकेले लोक मदतीच्या आशेने जमले. तपासणी करणारे अधिकारी पुढे डेल्फी लॉजला गेले होते. लोकांना तिथे यायला सांगितलं. थंडी-वाऱ्यात ते चालत गेले, तिथून रिकाम्या हाताने परत पाठवले गेले आणि अनेक जण वाटेतच मेले. आज रस्त्याकडेला त्यांच्या स्मरणार्थ साधा दगडी क्रूस उभा आहे. त्यावर महात्मा गांधींचं एक वचन कोरलेलं आहे.

भाषेशी याचा संबंध काय? दुष्काळाने सर्वांत जास्त माणसं नेली ती याच पश्चिम भागातली. म्हणजे गरीब आणि आयरिश बोलणारी. त्याआधीच, 1831 पासून, सरकारी शाळा इंग्रजीतून सुरू झाल्या होत्या. बोट पकडून अमेरिकेला जायचं तर इंग्रजी हवी. आईबापांनी स्वतःच मुलांशी आयरिश बोलणं सोडलं. भाषा फक्त बंदीने जात नाही, पोटासाठीही जाते.

बेटावरची पुस्तकं

डिंगलच्या टोकाला समुद्रात ग्रेट ब्लॅस्केट बेट दिसतं. वाऱ्याच्या दिवशी तिथला किनाऱ्याचा रस्ता मोटारसायकल हलवून सोडतो. शाळा, चर्च, डॉक्टर यांपासून तुटलेल्या या बेटावरची उरलेली माणसं 1953 मध्ये मुख्य भूमीवर आणली गेली. पण त्याआधी या मूठभर वस्तीने आयरिश साहित्याला मोठी देणगी दिली. मासेमारी करणाऱ्या तोमास ओ क्रोहन यांचं आत्मकथन 1929 मध्ये आलं. पेग सेअर्स यांना आयरिश लिहिता येत नव्हतं, म्हणून त्यांनी आपली कहाणी मुलाला सांगून लिहून घेतली. पुढे ते पुस्तक शाळेत सक्तीचं झालं आणि पिढ्यान् पिढ्या मुलांनी त्याला नावं ठेवली! बहिणाबाईंची गाणी त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, उतरवून घेतली होती, हे इथे आठवल्याशिवाय राहत नाही.

न दिसणारी सीमा

डोनेगॉलमधून डेरीकडे जाताना देश बदलतो आणि कळतही नाही. चौकी नाही, फाटक नाही. वेगमर्यादा किलोमीटरऐवजी मैलांत येते आणि रस्त्याच्या कडेची पिवळी रेघ पांढरी होते, एवढंच. ज्या सीमेवर तीस वर्षं बंदुका होत्या, ती 1998 च्या करारानंतर अशी शांत झाली. डेरी म्हणजे 'दोरे', ओकची राई. अधिकृत नाव लंडनडेरी, आणि पाटीवरचं 'लंडन' कुणीतरी खोडलेलं हमखास दिसतं.

आपल्या पासपोर्टवाल्यांनी मात्र गाफील राहू नये. पलीकडचा भाग ब्रिटनचा आहे. दोन्हीकडे चालणारा व्हिसा आहे का, आणि भाड्याच्या मोटारसायकलचा विमा उत्तरेत लागू आहे का, हे निघण्याआधीच बघावं.

पाटी आणि तोंड

2022 च्या जनगणनेत आयर्लंडच्या प्रजासत्ताकात सुमारे 18 लाख 70 हजार लोकांनी आपल्याला आयरिश येते असं सांगितलं. शाळेबाहेर ती रोज बोलणारे निघाले 71,968. एकूण लोकसंख्या 50 लाखांवर. पाटी प्रत्येक गावाच्या वेशीवर आहे, शाळेत विषय आहे, घटनेत पहिल्या राजभाषेचा मान आहे. तरी रोजच्या बोलण्यात एवढीच.

महाराष्ट्राबाहेर मराठी बोलणाऱ्या आपल्याला हा आकडा उपयोगी आहे. पाटीसाठी भांडणं चुकीचं नाही. पाटी गेली की अर्थ विसरायला एक पिढी पुरते. पण पाटी लागल्यावर घरी आणि कट्ट्यावर आपण काय बोलतो, हे कुठलं सरकार ठरवत नाही. मंडळाच्या सभासदांना एक काम सुचवावंसं वाटतं. आपापल्या गल्लीची, वाडीची, विहिरीची, नाल्याची जुनी नावं आजी-आजोबांना विचारून अर्थासकट लिहून काढा. ओडोनोव्हनला त्यासाठी देशभर हिंडावं लागलं. आपल्याला सायकलसुद्धा पुरेल.