युद्धकाळांतील ‘आम्ही’ आणि ‘आपण’

घरावर संकट कोसळलें म्हणजे लहानथोर सर्वांची दृष्टि नकळत कर्त्या पुरुषाच्या मुखाकडे वळते. वैद्य काय म्हणाले, कोर्टाचा निकाल काय लागला, गांठीला पैसा किती उरला, हें त्याच्या तोंडून बाहेर पडण्यापूर्वींच त्याच्या स्वरावरून घरांतील माणसें ताडतात. अशा वेळीं त्यानें सारें झांकून ठेवलें तर माजघरांत कुजबूज वाढते. सारें सांगून स्वतःच हातपाय गाळले तर घर खचतें. वाईट बातमी पुरी सांगावी आणि पुढें काय करावयाचें तेंहि त्याच दमांत सांगावें, ही कला फार थोड्यांना साधते. राष्ट्र म्हणजे एक मोठें कुटुंब, असें म्हणण्याचा प्रघात आहे. तो कितपत खरा, याची परीक्षा युद्धकाळीं होते.

या परीक्षेसाठीं आपल्या भाषेंत एक चांगलें साधन आहे. इंग्रजींत ‘वुई’ हें एकच सर्वनाम. मराठींत त्याच्या जागीं दोन आहेत, ‘आम्ही’ आणि ‘आपण’. ‘आम्ही’ म्हटलें कीं ऐकणारा बाहेर राहतो. ‘आपण’ म्हटलें कीं तो आंत येतो. दारीं आलेल्या पाहुण्यास ‘आम्ही आतां जेवावयास बसतों’ असें सांगणें आणि ‘आपण आतां जेवावयास बसूं’ असें सांगणें, यांतील अंतर पोरासोरांनाहि कळतें. युद्धांतील पुढाऱ्याच्या भाषणाचें मराठींत रूपांतर करूं गेल्यास पहिला प्रश्न हाच उभा राहतो, कीं येथें ‘आम्ही’ लिहावें कीं ‘आपण’? हा प्रश्न मनांत ठेवून आम्ही विन्स्टन चर्चिल यांच्या १९४० सालच्या भाषणांकडे व निर्णयांकडे पाहणार आहों. हा पुरुष हिंदुस्थानचा मित्र नव्हता हें आमचे वाचक जाणतातच. परंतु ज्याच्याशीं आपलें वैर होतें त्याचे गुण व मर्यादा दोन्ही पारखून पाहण्यांत अधिक लाभ आहे.

१९४० च्या मे महिन्याच्या ७ व ८ तारखांस नॉर्वेतील अपयशावर ब्रिटिश कॉमन्स सभेंत कडाक्याचा वाद झाला. चेंबरलेन यांचें सरकार २८१ विरुद्ध २०० मतांनीं टिकलें खरें, परंतु एरवीं दोनशेंहून अधिक असणारें मताधिक्य ८१ वर घसरलें, आणि या विजयांत पराभव आहे हें सर्वांस कळून चुकलें. १० मेच्या पहाटे जर्मन फौजा हॉलंड, बेल्जम व लक्झेंबर्ग या देशांत घुसल्या आणि त्याच सायंकाळीं राजानें चर्चिल यांस मंत्रिमंडळ बनविण्यास सांगितलें. त्या वेळीं ते पासष्ट वर्षांचे होते. त्यांच्या स्वतःच्या हुजूर पक्षांतील पुष्कळांचा त्यांच्यावर विश्वास नव्हता. १३ मे रोजीं नवे मुख्य प्रधान म्हणून ते सभागृहांत आले, तेव्हां त्या पक्षाच्या बांकांवरून मोठा जयघोष झाला तो पदच्युत चेंबरलेन यांचा.

त्या दिवशींचें त्यांचें भाषण अगदीं थोडक्यांत आटोपलें. आपल्यापाशीं देण्यासारखें रक्त, श्रम, अश्रु आणि घाम यांवांचून कांहीं नाहीं, असें त्यांनीं सांगितलें. विश्वासदर्शक ठराव ३८१ विरुद्ध शून्य मतांनीं संमत झाला. परंतु त्या भाषणापूर्वींच एक गोष्ट घडली होती, तिच्याकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों. पांच जणांच्या युद्धमंत्रिमंडळांत चर्चिल यांनीं विरोधी मजूर पक्षाचे अ‍ॅटली आणि ग्रीनवुड यांना बसविलें. आणि ज्यांच्या धोरणावर आपण वर्षानुवर्षें टीका केली ते चेंबरलेन व हॅलिफॅक्स यांनाहि दूर केलें नाहीं. ‘आपण’ हा शब्द लोकांपुढें उच्चारण्याआधीं त्यांनीं तो मंत्रिमंडळाच्या मेजाभोंवतीं खरा करून दाखविला होता. २२ मे रोजीं प्रत्येक मनुष्य व त्याची मालमत्ता सरकारच्या स्वाधीन करणारा कायदा एका दिवसांत संमत झाला. तो मांडला अ‍ॅटली यांनीं. श्रीमंतांच्या मालमत्तेवर आणि मजुरांच्या श्रमांवर एकाच कायद्यानें हात ठेवला गेला, म्हणूनच तो लोकांनीं सोसला.

आतां त्या तीन दिवसांकडे येऊं, ज्यांची वार्ता सामान्य लोकांस त्या काळीं मुळींच नव्हती. २६ मे पासून २८ मे पर्यंत युद्धमंत्रिमंडळाच्या एकामागून एक नऊ बैठकी झाल्या. ब्रिटिश सैन्य डंकर्कच्या किनाऱ्यावर कोंडलें होतें. बेल्जमचा राजा शरण गेला. फ्रान्सचा धीर सुटत होता. परराष्ट्रमंत्री हॅलिफॅक्स यांचें म्हणणें असें कीं, इटलीच्या मध्यस्थीनें तहाच्या अटी निदान काय मिळतील तें पाहावें. देशाचें स्वातंत्र्य अबाधित राहत असेल तर हजारों तरुणांचे प्राण कां गमवावे? हॅलिफॅक्स यांना भ्याड म्हणणें अन्यायाचें होईल. त्यांचा प्रश्न शहाण्या गृहस्थाचा होता. चर्चिल यांचें उत्तर असें कीं, एकदां त्या निसरड्या वाटेवर पाऊल टाकलें म्हणजे मागें फिरतां येणार नाहीं. वाटाघाटीस बसल्याची वार्ता फुटली कीं लोकांचा लढण्याचा निश्चयच मोडेल.

येथें आपल्या वाचकांस एक जुना धागा आठवेल. हे हॅलिफॅक्स म्हणजे पूर्वींचे लॉर्ड आयर्विन, ज्यांनीं व्हाइसरॉय असतांना १९३१ सालीं महात्मा गांधींशीं करार केला. आणि अर्धनग्न फकीर व्हाइसरॉयच्या वाड्याच्या पायऱ्या चढून बरोबरीच्या नात्यानें बोलणीं करतो, या दृश्यानें ज्यांचा संताप अनावर झाला होता, ते हे चर्चिल. वाटाघाट करूं इच्छिणारा आणि वाटाघाटीस धुडकावून लावणारा, हीं दोन माणसें नऊ वर्षांनंतर पुन्हां समोरासमोर उभीं होतीं. चर्चिल यांचा हट्ट दोन्ही वेळां एकच होता. १९३१ सालीं तो एका राष्ट्राच्या न्याय्य मागणीच्या आड आला. १९४० सालीं त्यानें दुसऱ्या राष्ट्राला तारलें. मनुष्याचा गुण आणि त्याचा दोष हीं पुष्कळदां एकाच धातूचीं नाणीं असतात.

२८ मेच्या सायंकाळीं चर्चिल यांनीं युद्धमंत्रिमंडळाबाहेरील सुमारें पंचवीस मंत्र्यांना पार्लमेंटमधील आपल्या खोलींत बोलाविलें, खरी स्थिति सांगितली, आणि कांहींहि झालें तरी आपण लढत राहणार असें बजावलें. मंत्री उठून त्यांच्याभोंवतीं जमले. कोणीं पाठीवर थाप मारली. त्यानंतरच्या बैठकींत तहाचा विषय मागें पडला. मौज अशी कीं, पुढें आपल्या युद्धेतिहासांत चर्चिल यांनीं लिहिलें, एकट्यानें लढावें कीं नाहीं हा प्रश्न मंत्रिमंडळाच्या विषयपत्रिकेवर कधीं आलाच नाहीं! दफ्तरें उघडल्यावर जगाला उलट दिसून आलें. इतिहास घडविणारा इतिहास लिहूं लागला म्हणजे त्याची साक्ष तपासून घ्यावी लागते, ती अशी.

निर्णय २८ मेचा. गाजलेलें भाषण ४ जूनचें. हा क्रम महत्त्वाचा आहे. तोंवर डंकर्कहून ३,३८,००० हून अधिक सैनिक समुद्रापार सुखरूप आले होते आणि इंग्लंडांत आनंदीआनंद चालला होता. अशा वेळीं एखाद्यानें त्यालाच विजय म्हणून मिरविलें असतें. चर्चिल यांनीं नेमकें उलट केलें. घडलें तो प्रचंड लष्करी अनर्थ आहे, तीस हजारांहून अधिक माणसें ठार, जखमी वा बेपत्ता आहेत, जवळजवळ हजार तोफा गमावल्या आहेत, आणि माघारीनें युद्धें जिंकलीं जात नाहींत, असा जमाखर्च त्यांनीं सभागृहापुढें मांडला. किनाऱ्यांवर, शेतांत, रस्त्यांवर, डोंगरांवर लढत राहूं, शरण जाणार नाहीं, हा सर्वतोमुखीं झालेला भाग अगदीं शेवटीं येतो. आधींचा नुकसानीचा हिशेब ज्यानें ऐकला, त्यालाच त्या शेवटच्या वाक्यांवर विश्वास ठेवण्याचें धैर्य झालें.

आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. तें भाषण लोकांनीं त्या दिवशीं चर्चिल यांच्या तोंडून ऐकलेंच नाहीं. तें केवळ सभागृहांत झालें. रात्रीं रेडिओवर त्यांतील उतारे वृत्तनिवेदकानें वाचून दाखविले. आज जो आवाज ऐकावयास मिळतो, तो १९४९ सालीं मुद्दाम ध्वनिमुद्रित केलेला आहे. म्हणजे लोकांना धीर आला तो आवाजाच्या जादूनें नव्हे, मजकुरानें.

तो मजकूर सहज सुचलेला नसे. १९०४ सालीं सभागृहांत बोलतां बोलतां चर्चिल यांना पुढचें कांहीं आठवेना. ते तसेच खालीं बसले. त्यानंतर टिपणांवांचून महत्त्वाचें भाषण त्यांनीं केलें नाहीं. ‘स’चा उच्चार त्यांना नीट साधत नसे. ते भाषण लेखनिकास सांगून लिहवीत, पुनःपुन्हां बदलीत, आणि शेवटची प्रत कवितेसारखी ओळी तोडून छापून घेत, म्हणजे कोठें थांबावयाचें तें डोळ्यांना दिसावें. शब्द मात्र साधे, आंखूड, घरगुती. आपल्याकडे पंडितांची भाषा निराळी आणि जात्यावरच्या ओवीची निराळी. त्यांनीं आणीबाणीच्या वाक्यांसाठीं दुसरी निवडली. तरीहि सारें राष्ट्र मंत्रमुग्ध झालें ही दंतकथा होय. रिचर्ड टॉय या इतिहासकारांनीं २०१३ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत त्या काळच्या रोजनिशा व लोकमताचे अहवाल तपासले. भाषणें ऐकून कंटाळलेले, घाबरलेले, वक्ता प्यालेला आहे काय अशी शंका घेणारे श्रोतेहि त्यांत भेटतात.

‘आपण’ची दुसरी बाजू लगेच पुढच्या महिन्यांत दिसली. १६ जून रोजीं चर्चिल यांच्या सरकारनें फ्रान्सपुढें प्रस्ताव ठेवला होता कीं, दोन्ही राष्ट्रांनीं एक व्हावें, नागरिकत्वहि एकच असावें. फ्रान्सनें तो स्वीकारला नाहीं आणि जर्मनीशीं शस्त्रसंधि केला. तेव्हां फ्रेंच आरमार शत्रूच्या हातीं पडेल या भीतीनें ३ जुलै रोजीं ब्रिटिश जहाजांनीं अल्जीरियांतील मेर्स-एल-केबीर बंदरांत त्यावर तोफा डागल्या. आमच्याबरोबर या, दूर बंदरांत जा, अथवा जहाजें बुडवा, अशा अटी आधीं घातल्या होत्या. त्या मान्य झाल्या नाहींत. १,२९७ फ्रेंच खलाशी ठार झाले. दुसऱ्या दिवशीं चर्चिल यांनीं तें सभागृहांत सांगितलें, तेव्हां आजवर थंड राहिलेले हुजूर पक्षाचे सभासद उठून जयघोष करूं लागले आणि चर्चिल यांच्या डोळ्यांत अश्रु उभे राहिले. ब्रिटन खरोखरच लढणार, अशी जगाची खात्री या निर्णयानें पटली. परंतु सतरा दिवसांपूर्वीं ज्यांस ‘आपण’ म्हटलें, त्यांच्याच रक्तानें ती खात्री लिहिली गेली, हेंहि विसरतां येत नाहीं.

आणि आपण हिंदी लोक? ३ सप्टेंबर १९३९ रोजीं व्हाइसरॉय लिनलिथगो यांनीं हिंदुस्थान युद्धांत असल्याचें जाहीर केलें, तें येथील एकाहि लोकप्रतिनिधीस न विचारतां. मुंबई इलाख्यांतील बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळासह प्रांतोप्रांतींच्या काँग्रेस मंत्रिमंडळांनीं वर्षअखेरीपूर्वीं राजीनामे दिले. तरीहि युद्ध संपतांना हिंदी सैन्य पंचवीस लाखांवर गेलें होतें. डंकर्कच्या वाळूवरहि हिंदी सैन्याच्या खेचरांच्या तुकड्या होत्या; एक तुकडी तर जर्मनांच्या हातीं सांपडली. असें असतां, सर्व लोकांना आपलें राज्य निवडण्याचा हक्क देणाऱ्या अटलांटिक सनदेविषयीं चर्चिल यांनीं ९ सप्टेंबर १९४१ रोजीं खुलासा केला कीं, ती मुख्यतः नाझींच्या टाचेखालील युरोपीय राष्ट्रांसाठीं आहे. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळांत मृत्यूंचा अंदाज तीस लाखांपर्यंत जातो. त्याचीं कारणें अनेक होतीं, परंतु धान्यासाठीं व्हाइसरॉयनें मागितलेलीं जहाजें लंडनहून पुरेशीं मिळालीं नाहींत, हें त्यांतील एक. म्हणजे सैन्यभरतीच्या वेळीं ‘आपण’, हक्काच्या आणि अन्नाच्या वेळीं ‘आम्ही’. पंगतीला वाढावयास ज्यानें हात लावावा, त्यालाच पान नाहीं, असा हा न्याय. मग ८ ऑगस्ट १९४२ रोजीं मुंबईच्या गोवालिया टँकवर महात्माजींनीं ‘करेंगे या मरेंगे’ म्हटलें, आणि दुसऱ्या पहाटे सारे पुढारी तुरुंगांत गेल्यावरहि लोक उठले, यांत नवल तें काय? ज्यांना दुसऱ्याच्या घरांत जागा नव्हती, त्यांना आपलें घर सांपडलें होतें.

चर्चिल यांच्या शब्दांचें बळ शेवटीं त्यांच्या स्वतःच्या देशांतहि आटलें. ४ जून १९४५ रोजीं, त्या गाजलेल्या भाषणानंतर बरोबर पांच वर्षांनीं, निवडणुकीच्या नभोभाषणांत त्यांनीं सांगितलें कीं, समाजवाद्यांचें राज्य आलें तर त्यांना गेस्टापोसारखें कांहीं तरी उभारावें लागेल. ज्या अ‍ॅटलींनीं पांच वर्षें खांद्याला खांदा लावला, त्यांच्याविषयीं हे उद्गार! २६ जुलैला निकाल लागला. मजूर पक्षास ३९३ जागा मिळाल्या आणि चर्चिल पायउतार झाले. पराभवाचीं कारणें पुष्कळ होतीं; परंतु ज्यानें ‘आपण’ म्हणून राष्ट्र उभें केलें त्यानेंच तें मोडून ‘आम्ही’ आणि ‘ते’ केलें, हेंहि लोकांनीं ऐकलें होतें.

युद्धें अद्यापि संपलेलीं नाहींत आणि युद्धांतील भाषणेंहि नाहींत. कोणत्याहि देशाचा पुढारी असो, त्याचा आवाज कानीं पडला म्हणजे आमच्या वाचकांनीं तीन प्रश्न विचारावे. यानें नुकसानीचा हिशेब दिला काय? शब्दांच्या आधीं निर्णय झाला आहे काय, आणि त्याचा भार निर्णय घेणाराहि उचलतो काय? आणि याच्या ‘आपण’मध्यें कोण बसतें, कोण दाराबाहेर उभें राहतें?

हे प्रश्न घराच्या कर्त्या पुरुषानें स्वतःलाहि विचारण्यासारखे आहेत. ‘आपण असें ठरविलें आहे’ हें वाक्य एकत्र कुटुंबांत नित्य ऐकूं येतें. ज्या सुनेला, ज्या धाकट्या भावाला, ज्या आश्रित आत्याबाईंना तो निर्णय पाळावयाचा असतो, त्यांना तो ठरवितांना कोणीं विचारलेलें असतें काय? नसेल, तर संकटाच्या दिवशीं त्या घराला हांक मारली असतां ‘ओ’ किती जण देतील, हें आजच सांगणें कठीण आहे.