आधीच ठरलेली पगारवाढ

एप्रिल-मेमध्ये हिंजवडीतल्या कंपन्यांतून अप्रेझलची पत्रं निघू लागली की कँटीनमधला सूर बदलतो. ‘तुझं काम उत्तमच आहे, पण यंदा बजेटच नाही,’ असं मॅनेजर सांगतो तेव्हा समोरच्याला ती पळवाट वाटते. बहुतेकदा तो खरंच बोलत असतो, फक्त चार महिने उशिरा.

वाढीची एकूण रक्कम वर्ष संपण्याआधीच वर ठरलेली असते. सारख्या पगाराच्या दहा जणांना मिळून सरासरी ८ टक्के आले आणि दोघांना १४ टक्के दिले, तर बाकीच्या आठांना साडेसहाच उरतात. शिवाय बेल कर्व्ह आहेच. जनरल इलेक्ट्रिकमध्ये जॅक वेल्च यांनी वरचे २०, मधले ७० आणि खालचे १० टक्के अशी माणसांची प्रतवारी रूढ केली. मायक्रोसॉफ्टने २०१३ मध्ये सक्तीची क्रमवारी सोडली. आपल्याकडे ‘नॉर्मलायझेशन’ म्हणून ती अजून बऱ्याच ठिकाणी नांदते.

त्यात सीटीसीचा घोळ. १० लाखांवर ८ टक्के म्हणजे ८० हजार. महिन्याला साडेसहा हजारांवर, असा हिशेब घरी झालेला असतो. पण बेसिक निम्मं आणि पीएफ पूर्ण बेसिकवर धरला, तर दोन्ही बाजूंचा पीएफ ९,६०० आणि ग्रॅच्युइटीचे सुमारे १,९०० रुपये वजा होतात. दहा टक्के व्हेरिएबल असेल तर आणखी ८ हजार लांबणीवर. हातात महिन्याला जेमतेम पाच हजार वाढतात. हे गणित पत्र देतानाच मांडून दाखवायला कोणाची हरकत असावी?

ज्यांचे आई-वडील झेडपीत किंवा सरकारी कचेरीत होते, त्यांना हे जास्त बोचतं. सातव्या वेतन आयोगात मूळ वेतनावर वर्षाला ३ टक्के वाढ ठरलेली, महागाई भत्ता वेगळा. साहेबाशी घासाघीस करायचा प्रश्नच नाही.

खासगी नोकरीत पगाराचं बोलायची वेळ नोव्हेंबर-डिसेंबरची, बजेटचे आकडे वर जाण्याआधीची. तेव्हा कर्मचारी संकोचतो, मॅनेजर नुसती मान हलवतो, आणि एप्रिलपर्यंत त्या मान हलवण्याचा होकार झालेला असतो.

मॅनेजरांची कड मी इथवरच घेईन. कारण तोच कर्मचारी राजीनामा टाकतो, तेव्हा आठवड्याभरात २५ टक्क्यांची काउंटर-ऑफर येते. हा पैसा अप्रेझलच्या नव्हे, माणसं टिकवण्याच्या वेगळ्या खात्यातला, असं एचआर सांगतं. शेजारच्या डेस्कवरचे हे ऐकतात आणि संध्याकाळी आपापला रेझ्युमे उघडतात.