मातीला विचारण्याआधी

बंद कारखान्याची जमीन तपासायची म्हटली की आमच्या धंद्यातली तरुण मंडळी आधी ड्रिलिंगच्या मशीनचं भाडं विचारतात. मी आधी जवळची चहाची टपरी विचारतो. या सवयीपायी पस्तीस वर्षं टिंगल सोसली. एका परिषदेत माझ्या पद्धतीला 'गप्पाष्टक' हे नावही पडलं. पण माझा हेका सुटला नाही. विष कुठे पुरलंय हे मातीला विचारण्याआधी पुरणाऱ्या हातांना विचारावं.

अशा विषारी जमिनींचा बाकीचा इतिहास भराभर उरकतो. अमेरिकेत १९८० साली प्रदूषित जागांच्या सफाईचा सुपरफंड कायदा झाला. जर्मनीत ड्यूसबुर्गचा बंद लोखंडाचा कारखाना न पाडता त्याचंच उद्यान केलं. त्याचे फोटो आपल्याकडच्या दर दुसऱ्या सादरीकरणात असतात, तेव्हा मी वेगळं काय सांगणार? आपल्याकडे प्रदूषित जागांचे स्वतंत्र नियम यायला २०२५चा जुलै उजाडला. तोवर देशात अशा १०३ जागा नोंदल्या होत्या आणि सफाईचं काम सुरू झालं होतं सात ठिकाणी.

लव्ह कॅनॉलपाशी मात्र मी थांबणार. नायगारा फॉल्स शहरातल्या एका अर्धवट खोदलेल्या कालव्यात हूकर केमिकल कंपनीनं सुमारे २१ हजार टन रासायनिक कचरा भरला, वर माती लोटली आणि १९५३ साली ती जागा शाळामंडळाला एका डॉलरला दिली. खाली रसायनं आहेत हे खरेदीखतातच लिहिलेलं होतं. तरी शाळा उठली, भोवती घरं उठली. १९७८ साली लोइस गिब्ज या गृहिणीनं दारोदार फिरून कुणाच्या घरी काय आजार आहे ते नोंदलं आणि नकाशावर खुणा केल्या. खुणा विचित्र रांगांत पडल्या. जुन्या रहिवाशांना विचारलं तेव्हा उलगडा झाला: तिथून पूर्वी ओहोळ वाहत, ते घरं बांधताना बुजवले होते. आजार त्या बुजलेल्या ओहोळांच्या काठानं चालले होते. आरोग्यखात्यानं ही बायकांची आकडेमोड म्हणून आधी उडवून लावली. गप्पाष्टक म्हणणाऱ्यांना मी दरवेळी एवढंच सांगतो, की तो नकाशा ड्रिलिंगच्या मशीननं काढलेला नव्हता.

भोपाळमध्येही तेच. १९८४ची वायुगळतीची ती रात्र सगळ्यांना ठाऊक आहे. तिच्या आधीचं फारसं कुणी बोलत नाही. कारखाना धडधाकट चालू होता तेव्हाच कचरा आवारातल्या खड्ड्यांत पुरला जात होता, सांडपाणी बाहेरच्या बाष्पीभवनाच्या तळ्यांत सोडलं जात होतं. पुढे आसपासच्या वस्त्यांत लोक हातपंपाचं पाणी पिऊ लागले. पाण्याला वास येतो हे तिथल्या बायका कधीपासून सांगत होत्या. आमच्या नागपूरच्या 'नीरी' या पर्यावरण संशोधन संस्थेनं नव्वदच्या दशकात भूजल ठीक ठरवलं, आणि २०१०च्या सुमारास त्याच संस्थेच्या अहवालात काही विहिरी दूषित आणि सुमारे ११ लाख टन माती बाधित निघाली. मधल्या काळात एका केंद्रीय मंत्र्यांनी तिथला कचरा हातात धरून आपण अजून जिवंत असल्याचं जाहीर केलं, हा तपासणीचा प्रकार आमच्या पाठ्यपुस्तकात नव्हता. २०२५च्या जानेवारीत १२ कंटेनर सजले, ३३७ टन कचरा अडीचशे किलोमीटरवरच्या पिथमपूरला गेला आणि टीव्हीवर भोपाळ विषमुक्त झालं. ११ लाख टनांतून ३३७ वजा केले की किती उरतात, एवढं गणित तरी चौथीतल्या पोराकडून करून घ्यायचं.

आता मुंबईचं गिरणगाव. १९८२चा संप, १९९१चा गिरण्यांच्या जमिनीच्या एक-तृतीयांशाचा नियम, २००१ची दुरुस्ती, २००६चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, हे सगळं वाचकांना पाठ असणार. कुणाला किती जमीन, यावर चाळीस वर्षं भांडण झालं. जमिनीत काय आहे हे कुणी विचारलं नाही. 'सूत आणि पाणी, कापडगिरणीत कसलं आलंय विष?' असं मला एका मोठ्या वास्तुविशारदानं ऐकवलं होतं. रंगखातं त्यांनी पाहिलं नसावं.

मी पाहिलं, बंद पडल्यावर. एका गिरणीच्या आवारात आम्ही तीस-तीस मीटरवर चौकटी आखून दहा भोकं पाडली होती. सगळे नमुने साफ. टपरीवर खटावकडचे एक मामा भेटले, रंगखात्यात सव्वीस वर्षं काढलेले. त्यांना आत नेलं. गवत कमरेएवढं, छप्पर गेलेलं. मामा खांब मोजत चालले, सातव्याशी डावीकडे वळले आणि छत्रीचं टोक जमिनीत रोवलं. "हितं सल्फर काळ्याचा हौद हुता, सायेब. बायक्रोमेटचं पाणी बी ह्यातच. पावसाळ्यात भरला की त्या अंगाचा बांध फोडायचो आमी." आमची दोन भोकं त्या हौदाच्या अल्याड-पल्याड पडली होती. मी अकरावं भोक छत्रीच्या टोकावर पाडायला लावलं. दीड मीटरवर काळीनिळी, चिकट माती आली, सडक्या अंड्यांचा वास घेऊन. प्रयोगशाळेत क्रोमियम निघालं.

अंतिम अहवालात दहाच भोकं होती. अकरावं 'आराखड्याबाहेरचं', म्हणून गाळलेलं.

निदान तेव्हा गाळायला काहीतरी होतं. हल्ली पहिल्या टप्प्याची पाहणी खुर्चीत बसून होते, उपग्रहाच्या चित्रावर. गेल्या वर्षी तपासायला आलेल्या एका अहवालात मधल्याच पानावर दुसऱ्याच जिल्ह्यातल्या कारखान्याचं नाव राहून गेलं होतं. आणि खांब मोजणारी माणसं आता उरली किती? घराच्या सोडतीचे अर्ज भरलेल्या पावणेदोन लाख गिरणी कामगार आणि वारसांत मामाही होते. नंबर लागायच्या आत गावी वारले.

त्या हौदाच्या जागी तळघरातलं पार्किंग झालं. खोदकाम चालू असताना मी फाटकाशी उभा होतो. ताडपत्री न टाकलेला एक डंपर बाहेर पडला, त्यात तीच काळीनिळी माती. कुठे चाललीय, असं ड्रायव्हरला विचारलं.

"खाडीकडं, काका. तिकडं झोपड्या पडतायत नव्या, भरणी लागते त्यांना."