गाभाऱ्यातला देव आणि तसबिरीतला देव

मार्गशीर्षात सारंगखेड्याची दत्तयात्रा भरते. रनाळ्यासह नंदुरबार जिल्ह्यातल्या गावांना ही यात्रा घरचीच. घोडेबाजाराची चर्चा सगळीकडे होते, तसबिरींच्या दुकानांची कोणी करत नाही. खरी गंमत मात्र तिथे आहे. तापीकाठच्या मंदिरातला दत्त एकमुखी, आणि बाजारात सर्रास मिळणारा दत्त तीन शिरांचा, सहा हातांचा, मागे गाय, पायाशी चार कुत्री. भाविक एकाचं दर्शन घेतो, दुसऱ्याला घरी नेतो आणि दोघांनाही तोच मानतो.

क्षेत्राची आठवण म्हणून देवाचं चित्र नेण्याची रीत जुनी. एकोणिसाव्या शतकात कोलकात्याच्या कालीघाटला पटुआ चित्रकार गिरणीच्या स्वस्त कागदावर जलरंगांचे चार झपाटेदार फटकारे मारून काली, कृष्ण, शिव काढत आणि यात्रेकरूंना विकत. पुढे छापील चित्रांनी त्यांचं पोट मारलं.

त्या छपाईत महाराष्ट्र आघाडीवर होता. पुण्यात 1878 साली चित्रशाळा सुरू झाली. राजा रविवर्म्यांनी 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. दगडावर चित्र काढून ते कागदावर छापण्याचं हे काम जिकिरीचं. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, एकच कागद पुन्हापुन्हा यंत्राखाली. दगड जरा सरकला की लक्ष्मीच्या ओठांचा रंग हनुवटीवर! हौशी लोक तयार चित्रावर जर-टिकल्या चिकटवून देवीला साडी नेसवत. रविवर्म्यांचे लक्ष्मी-सरस्वतीचे चेहरे इतके रुजले, की आपल्या घरातला देव शिल्पकारापेक्षा छापखान्यानेच जास्त घडवला, असं म्हणायला हरकत नाही.

कधी मूर्तीच तसबिरीला मागे टाकते. चैत्रात खानदेशातून हजारो माणसं वणीच्या सप्तशृंगगडाला पायी जातात. 2022 मध्ये तिथल्या अठरा हातांच्या मूर्तीवरचे शेंदराचे जुने थर काढले आणि देवीचं मूळ रूप समोर आलं. घरोघरच्या भिंतींवर मात्र शेंदरी रूपच राहिलं, आणि त्या तसबिरी एका रात्रीत इतिहासाचा पुरावा झाल्या.

म्हणून देवघर नवं करताना जुनी तसबीर नदीत सोडण्याआधी काचेखालची तळाची कडा जरूर वाचा. छापखान्याचं नाव बहुधा तिथेच असतं.